डॉक्टर हू : २००५ चं पुनरागमन नेमकं कशामुळे जमलं?

निळा_डबा (धागाकर्ता)

६ डिसेंबर १९८९ ला 'सर्व्हायव्हल' या कथेचा तिसरा भाग दाखवून बीबीसीने 'डॉक्टर हू' ही काळात भटकणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या परग्रहवाशाची विज्ञानकथा-मालिका थांबवली. २६ पर्वं झाली होती. १९९६ मध्ये पॉल मॅगॅनला डॉक्टर म्हणून घेऊन एक टीव्ही चित्रपट आला, पण त्यातून मालिका काही उभी राहिली नाही. मग २६ मार्च २००५ ला, शनिवारी संध्याकाळी सात वाजता नव्या मालिकेचा पहिला भाग 'रोझ' लागला आणि ब्रिटनमध्ये एक कोटी आठ लाखांच्या आसपास लोकांनी तो पाहिला. पंधरा वर्षांहून जास्त काळ पडद्यावर जवळजवळ नसलेली मालिका पहिल्याच संध्याकाळी घराघरात परत आली.

माझं मत असं: नव्या मालिकेचा मुख्य लेखक रसेल टी. डेव्हिसने काय सांगायचं यापेक्षा काय सांगायचं नाही हे आधी पक्कं केलं, म्हणून हे जमलं. 'रोझ' पुन्हा नीट पाहा. सुरुवात अवकाशातून, पण कॅमेरा थेट एका मुलीच्या गजराच्या घड्याळाशी येऊन थांबतो. ऊठ, बस पकड, दुकानातली नोकरी, चौकात मित्राबरोबर डबा. संध्याकाळी दुकान बंद होताना ती तळघरात जाते, तिथले पुतळे हलायला लागतात, ती भिंतीला टेकते आणि बाजूने एक हात येऊन तिचा हात धरतो. "पळ!" डॉक्टरची आणि प्रेक्षकाची ओळख एवढीच. तो कोण, कुठला, वय किती, काही नाही.

पुढेही हेच. 'टाइम लॉर्ड' हा डॉक्टरच्या जमातीसाठीचा शब्द दुसऱ्या भागाच्या शेवटी. डालेक, म्हणजे धातूच्या कवचातले जुने शत्रू, सहाव्या भागात. रूप पालटणं, म्हणजे मरताना डॉक्टरने नवं शरीर घेणं (त्यामुळेच नट बदलतो), तेराव्यात, तेही डॉक्टर ते करण्याच्या जेमतेम मिनिटभर आधी. 'गॅलिफ्रे' हे डॉक्टरच्या ग्रहाचं नाव तर २००६ च्या नाताळच्या भागापर्यंत कुणी उच्चारतच नाही! बाकीचे जुने शत्रू: सायबरमन २००६, मास्टर २००७, डाव्हरोस २००८.

१९९६ मध्ये बरोबर उलटं केलं होतं. तुम्हाला काय वाटतं?

सदाफुली

वाखूसा (वाचनखूण साठवली). सावकाश लिहिते.

गगनविहारी

१९९६ बद्दल सहमत. पहिल्या दोन मिनिटांत निवेदनात येतं काय काय बघा: स्कारो ग्रह, डालेकांनी मास्टरवर चालवलेला खटला, त्याला दिलेला मृत्युदंड, त्याचे अवशेष गॅलिफ्रेला नेणारा डॉक्टर. ज्याने मालिका पाहिलीच नाही त्याला यातलं एकही नाव माहीत नाही. त्यात हा डॉक्टर म्हणजे सिल्व्हेस्टर मॅकॉय, जुन्या मालिकेतला शेवटचा. तो सॅन फ्रान्सिस्कोत गोळ्या लागून दवाखान्यात जातो, शस्त्रक्रियेच्या टेबलावर मरतो आणि मग मॅगॅन येतो. म्हणजे नवा प्रेक्षक ज्याच्याशी ओळख करून घेत होता तोच गेला, आणि आता नव्या माणसाशी पुन्हा पहिल्यापासून ओळख. ज्या भागाने अमेरिकेत मालिका विकायची, त्या भागात नायक बदलणं हीच मुळात रचनेची चूक.

मॅगॅन मात्र अप्रतिम. नवे बूट पायाला नीट बसल्यावर त्याला होणारा आनंद बघा. त्या दोन सेकंदांत अख्खा डॉक्टर दिसतो.

रात्रपाळी

थोडा असहमत. १९९६ चा चित्रपट ब्रिटनमध्ये पडला नव्हता. २७ मे १९९६ ला बीबीसी वनवर तो नव्वद लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. मालिका पुढे गेली नाही कारण निर्णय अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीच्या आकड्यांवर होता आणि तिथे तो चालला नाही. ब्रिटिश प्रेक्षक १९९६ मध्येही तयारच होता, त्याला पुढचा भाग कुणी दिला नाही एवढंच.

म्हणून माझं उत्तर वेगळं आहे: कोण पैसे घालणार आणि कुठल्या वेळेला दाखवणार. १९८७ ते ८९ मध्ये मालिका आठवड्याच्या मधल्या वारी, समोर दुसऱ्या वाहिनीवरची लोकप्रिय मालिका 'कोरोनेशन स्ट्रीट'. त्या काळात ब्रिटनमध्ये त्या मालिकेसमोर काहीही लावा, आपटणारच. २००५ मध्ये शनिवारची हक्काची वेळ परत मिळाली. बीबीसी वनच्या प्रमुख लॉरेन हेगेसी आणि नाट्यविभागाच्या जेन ट्रँटर यांना मालिका हवी होती, बीबीसी वेल्सच्या ज्यूली गार्डनर यांनी कार्डिफमध्ये उभी केली. घोषणा सप्टेंबर २००३, चित्रीकरण जुलै २००४, प्रसारण मार्च २००५. पटकथा कितीही चांगली असो, वाहिनी पाठीशी नसेल तर ती मंगळवारी रात्री कुठेतरी मेली असती.

निळा_डबा

@रात्रपाळी, वेळ मिळाली म्हणून पहिला भाग पाहिला गेला, मान्य. दुसऱ्या आठवड्याला लोक परत आले ते मात्र पटकथेमुळेच. आणि 'रोझ' लागल्यावर चारच दिवसांत डॉक्टर झालेला क्रिस्टोफर एकल्स्टन जाणार ही बातमी फुटली होती. नायक जाणार हे ठाऊक असूनही लोक तेरा आठवडे टिकले.

कोकणस्थ_डालेक

माझ्या आयडीचा मान राखून सहाव्या भागाबद्दल लिहिणं भाग आहे.

रॉबर्ट शिअरमनने 'डालेक'मध्ये जुन्या चेष्टा एकेक करून हत्यारासारख्या वापरल्या. चाळीस वर्षं लोक काय म्हणत होते? हाताच्या जागी संडास तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप. इथे तोच पंप एका माणसाच्या तोंडावर बसतो आणि कवटी चिरडतो. मागून गेलं तर काय करेल? मधला भाग गर्रकन फिरतो. गोळ्या? अंगाला लागायच्या आधीच वितळतात. आणि सैनिकांनी भरलेल्या दालनात तो एकेकाला मारत बसत नाही. आधी आगीच्या बचावाची फवारणी सुरू करतो, सगळे ओले झाले की पाण्यात एकच झोत सोडतो. हा विचार करणारा शत्रू आहे हे त्या एका प्रसंगात कळतं.

मग जिना. पोरगा खाली वळून हसतो की एवढं मोठं यंत्र आणि चार पायऱ्यांपुढे हरलं. डालेक एकच शब्द म्हणतो आणि वर तरंगायला लागतो. डालेक पहिल्यांदा जिना चढला तो क्षण!

गगनविहारी

जिना पहिल्यांदा चढला तो १९८८ मध्ये, 'रिमेम्ब्रन्स ऑफ द डालेक्स'च्या पहिल्या भागाच्या शेवटी, मॅकॉयच्या मागे. २००५ चं वैशिष्ट्य हे की ते लाखो नव्या प्रेक्षकांनी पाहिलं.

अवांतर माहिती: २००४ च्या उन्हाळ्यात डालेक ज्याने लिहिले त्या टेरी नेशनच्या वारसांशी हक्कांची बोलणी फिसकटली होती आणि डालेक नसतीलच असं जाहीरही झालं होतं. महिन्याभरात जुळलं. डालेकांच्या आकाराची कल्पना मात्र बीबीसीच्या नोकरीतल्या रेमंड क्यूसिकची, त्यामुळे ते जगभर विकले गेले तरी त्याला मानधनापलीकडे फारसं काही मिळालं नाही.

चिकू_मिल्कशेक

मी मालिका पाहिलेली नाही, पण धागा भारी चाललाय. एक विचारू का? मुलांच्या स्नेहसंमेलनात डालेकसारखा आवाज करायचाय. मोबाइलवरच्या 'रोबो आवाज' अॅपने अगदीच भोपूसारखं येतंय.

ध्वनिवेडा

@चिकू_मिल्कशेक, अॅप सोडा. डालेकचा आवाज म्हणजे रिंग मॉड्युलेशन. संगणकावर ऑडॅसिटी किंवा रीपर हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर घ्या आणि असं करा.

१. माणसाचा आवाज मोनो ध्वनिमुद्रित करा. माइक तोंडापासून वीतभर. पंखा बंद. हे महत्त्वाचं आहे, कारण पंख्याची ५० हर्ट्झची गुणगुण पुढच्या पायरीत २० आणि ८० हर्ट्झ होऊन घुमते, आणि ती नंतर काढता येत नाही.

२. आवाजाला ३० हर्ट्झच्या साइन तरंगाने गुणा. रिंग मॉड्युलेटरचं प्लगइन असेल तर वारंवारता ३० आणि मिश्रण १०० टक्के. मूळ आवाज अजिबात मिसळायचा नाही.

३. त्यानंतरच हवा तर थोडा रिव्हर्ब (घुमारा). आधी रिव्हर्ब देऊन मग मॉड्युलेट केलं तर प्रतिध्वनीसुद्धा चिरफाळतो आणि शब्द कळत नाहीत.

नेहमी फसतं ते दुसऱ्या पायरीला. लोक 'ट्रेमोलो' लावतात. ट्रेमोलोत आवाज शून्य ते एक असा खालीवर होतो, मूळ सूर तसाच राहतो. रिंग मॉड्युलेशनमध्ये तरंग शून्याच्या खाली, उणेकडेही जातो, त्यामुळे मूळ सूर नाहीसा होऊन बेरीज आणि वजाबाकी उरते. २०० हर्ट्झचा सूर असेल तर १७० आणि २३० ऐकू येतात. ते दोन एकमेकांशी भांडतात, तोच तो खरखरीत थरथरता आवाज. वारंवारता १०० च्या वर नेली तर घंटेसारखं होतं, तुमचा भोपू बहुधा तिथलाच.

आणि निम्मं काम बोलणाऱ्याचं आहे. प्रत्येक अक्षर सुटं, स्वर लांबवून, एकाच पट्टीत, आणि वाक्याच्या शेवटी आवाज उतरण्याऐवजी चढला पाहिजे. २००५ पासून हे आवाज देणारा निकोलस ब्रिग्ज चित्रीकरणाच्या जागी स्वतः मॉड्युलेटर घेऊन थेट आवाज देतो. समोरच्या नटाला खरा डालेक ऐकू येतो, त्याची प्रतिक्रिया खरी येते.

चिकू_मिल्कशेक

जमलं!! सोसायटीचा वॉचमन वर बघायला आला. धन्यवाद.

सदाफुली

ध्वनीचा विषय निघालाच आहे तर शीर्षकसंगीताबद्दल लिहिलंच पाहिजे. चाल रॉन ग्रेनरची, पण १९६३ मध्ये ती प्रत्यक्षात आणली बीबीसी रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या डेलिया डर्बीशायरने. तेव्हा बाजारात सिंथेसायझर नव्हता. तो धडधडणारा खर्ज म्हणजे एकाच छेडलेल्या तारेचं ध्वनिमुद्रण. टेपचा वेग कमीजास्त करून त्यातून हवे ते सूर काढले, प्रत्येक सुराची टेप लांबी मोजून कापली आणि चिकटपट्टीने एकामागे एक जोडली. सेकंदाला १५ इंच वेगाने धावणाऱ्या टेपवर अर्ध्या सेकंदाचा सूर म्हणजे साडेसात इंच, या हिशेबाने. वरची सुरावट चाचणीसाठी वापरायच्या ऑसिलेटरची तबकडी हाताने फिरवून. सगळे थर वेगवेगळ्या टेपवर, आणि ते एकत्र चालवून मिसळायचे. एक तुकडा जरी चुकीचा कापला तरी पुढचं सगळं घसरत जाणार.

पडद्यावर श्रेयनामावलीत तिचं नाव यायला २०१३ चा पन्नासाव्या वर्षाचा भाग उजाडावा लागला. याचा राग अजून जात नाही. २००५ मध्ये मरे गोल्डने नवी रचना केली तेव्हा तिच्या मूळ ध्वनिमुद्रणातले तुकडे आत ठेवले, म्हणून वाद्यवृंद असूनही ती ओळखीची वाटते.

टार्डिसचा, म्हणजे निळ्या पेटीसारख्या दिसणाऱ्या डॉक्टरच्या कालयानाचा, घरघराट ब्रायन हॉजसनचा: जुन्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर घराची किल्ली घासून.

आता निळा_डबा यांच्या मुद्द्याला जोड. जुन्यातलं काय *लगेच* दिलं हेही बघा. शीर्षकसंगीत, टार्डिसचा आवाज, निळी पोलीस पेटी, डॉक्टरचं सॉनिक स्क्रूड्रायव्हर हे अवजार. चारही गोष्टी अशा की समजायला मागची एकही गोष्ट माहीत असावी लागत नाही. जे ऐकून-बघून भिडतं ते पहिल्या दिवशी, ज्याला इतिहास लागतो ते नंतर.

निळा_डबा

@सदाफुली, हे माझ्या मूळ लेखात असायला हवं होतं इतकं नेमकं आहे. ऑटन, म्हणजे 'रोझ'मधले ते हलणारे पुतळे, तेसुद्धा त्यातच बसतात. १९७० मध्ये पहिल्या रंगीत कथेत आले होते, पण दुकानातले पुतळे जिवंत होतात हे कळायला १९७० माहीत असायची गरज नाही.

अनाहत

वारिस हुसेन यांचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? २३ नोव्हेंबर १९६३ ला लागलेल्या पहिल्या भागाचे दिग्दर्शक. जन्म लखनौचा, लेखिका अतिया हुसेन यांचे चिरंजीव. तेव्हा वय चोविशीतलं. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट, त्याही विशीतल्या. केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी हा भाग लागला, म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पुन्हा दाखवला.

तो पहिला भाग आणि 'रोझ' शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे साधी माणसं एका विचित्र व्यक्तीचा माग काढतात आणि पेटीत शिरतात. तिथे दोन शिक्षक, इथे दुकानातली मुलगी. मला वाटतं डेव्हिसने नवं काही शोधलं नाही, १९६३ ची रचना परत आणली.

भारताचा धागा पुढेही आहे: २०१८ चा 'डीमन्स ऑफ द पंजाब', फाळणीवर, लेखक विनय पटेल. राक्षस वाटणारे परग्रहवासी तिथे फक्त एकाकी मरणाऱ्यांचे साक्षीदार निघतात, गोळी घालणाऱ्यांना घरातलाच माणूस घेऊन येतो. तो भाग जरूर बघा.

गगनविहारी

अवांतरात अवांतर: बीबीसीने १९६१ मध्ये दाखवलेल्या एका गाजलेल्या विज्ञानकथा-मालिकेचे सहलेखक फ्रेड हॉईल होते, आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले मार्गदर्शक. खगोलशास्त्रज्ञाने टीव्हीसाठी लिहावं हे तेव्हा तिकडे चालत होतं.

रात्रपाळी

मधल्या रिकाम्या वर्षांबद्दल कुणी बोलत नाहीये. मालिका बंद होती तेव्हा कादंबऱ्या चालू होत्या, १९९९ पासून बिग फिनिश या कंपनीची श्रुतिनाट्यं चालू होती. २००५ च्या तेरा भागांपैकी आठ डेव्हिसचे, दोन स्टीव्हन मॉफटचे, आणि मार्क गॅटिस, रॉबर्ट शिअरमन, पॉल कॉर्नेल यांचा एकेक. डेव्हिस, गॅटिस, कॉर्नेल यांनी त्या काळात डॉक्टरच्या कादंबऱ्या लिहिलेल्या. शिअरमनचा 'डालेक' त्याच्याच एका श्रुतिनाट्यावरून घेतलेला. मॉफटने १९९९ मध्ये कॉमिक रिलीफ या मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी मालिकेचं विडंबन लिहिलं होतं. काय सांगायचं नाही हे कळायला आधी सगळं पाठ असावं लागतं, आणि या पाचही जणांचं होतं.

निळा_डबा

हे पटलं. वाहिनीपेक्षा हा मुद्दा जास्त भक्कम आहे.

सदाफुली

आणि जुन्या चाहत्यांनी जपलेलंही विसरू नका. साठच्या दशकातले कितीतरी भाग बीबीसीने पुसले वा नष्ट केले. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण तेव्हाच्या मुलांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो धरून ठेवला. परदेशी वाहिन्यांना पाठवलेल्या १६ मिमी प्रतींमधून काही परत आले. २०१३ मध्ये नायजेरियातून एकदम नऊ भाग सापडल्याचं जाहीर झालं, 'द वेब ऑफ फिअर' आणि 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड'चे.

चिकू_मिल्कशेक

आता बघायचीच आहे. १९६३ पासून सुरू करू का?

कोकणस्थ_डालेक

नको! 'रोझ'पासून.

गगनविहारी

@चिकू_मिल्कशेक, 'रोझ'पासूनच, आणि भाग गाळू नका. चौथ्या-पाचव्या भागातले स्लिदीन नावाचे परग्रहवासी बालिश वाटतील, तरी बघा, कारण अकराव्या भागाला ते लागतात. पुढचं पर्व सुरू करण्याआधी २००५ चा नाताळचा भाग बघायला विसरू नका, काही ठिकाणी तो वेगळ्या यादीत असतो आणि लोक थेट दुसऱ्या पर्वावर जाऊन गोंधळतात.

चित्राबद्दल दोन गोष्टी. पहिली चार पर्वं एचडीत चित्रित झालेलीच नाहीत. पहिला एचडी भाग ईस्टर २००९ चा. त्यामुळे २००५ ची ब्लू-रे म्हणजे ५७६ ओळींचं चित्र मोठं केलेलं, त्यात डीव्हीडीपेक्षा फार काही जास्त मिळणार नाही. २०१३ च्या संचात तर ही चार पर्वं सेकंदाला २५ ऐवजी २४ फ्रेमने चालतात, म्हणजे चार टक्के हळू. ४५ मिनिटांचा भाग ४७ च्या जवळ जातो. दुसरं, टीव्हीतलं 'मोशन स्मूदिंग' (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. २००५ मध्ये व्हिडिओला मुद्दाम सिनेमासारखं रूप दिलं होतं, स्मूदिंगमुळे ते जातं.

सत्तरच्या दशकातले भाग बघाल तेव्हा घरातली दृश्यं गुळगुळीत आणि बाहेरची दाणेदार दिसतील. टीव्ही बिघडलेला नाही. स्टुडिओत व्हिडिओ आणि बाहेर १६ मिमी फिल्म अशी तेव्हाची पद्धत होती.

अनाहत

मूळ प्रश्नाकडे. २०२३ मध्ये डेव्हिस परत आला तेव्हा त्याने उलट क्रम लावला. पहिल्या तीन खास भागांत आधीच्या पर्वांतला डॉक्टर डेव्हिड टेनंट, त्याची जुनी सोबतीण डोना, आणि तिसऱ्यात १९६६ चा शत्रू टॉयमेकर. २०२४ च्या आठ भागांच्या पर्वाला पुन्हा 'पर्व पहिलं' म्हटलं, पण शेवटी आला १९७५ चा शत्रू सूटेख. २०२५ मध्ये रानी आणि ओमेगा हे जुने शत्रू. या पर्वांतला डॉक्टर न्कूटी गात्वा पडदा भरून टाकतो, त्याची सोबतीण झालेली वरदा सेतूसुद्धा उत्तम, पण शेवटच्या भागांत नव्या प्रेक्षकाला दर पाच मिनिटांनी कुणीतरी समजावून सांगायला लागतं. निळा_डबा यांचा सिद्धान्त या उलट्या उदाहरणाने सिद्ध होतो असं मला वाटतं.

रात्रपाळी

तुलना पूर्ण बरोबर नाही. २०२३ मध्ये मालिका बंद पडलेली नव्हती, एका वर्षाचाच खंड होता. जुने चाहते बसलेलेच होते, त्यांना काहीच न देता चाललं नसतं. आणि १३ ऐवजी ८ भाग असले की सावकाश उलगडायला जागाच उरत नाही. २००५ मध्ये डालेकच्या आधी पाच भाग होते. आठांच्या पर्वात पाच भाग म्हणजे अर्ध्याहून जास्त पर्व.

निळा_डबा

भागांच्या संख्येचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दुसऱ्या भागाचा शेवट बघा. पृथ्वी जळताना कुणाचं लक्षच नव्हतं म्हणून रोझ खंतावलेली, आणि डॉक्टर तिला आजच्या लंडनच्या गजबजलेल्या रस्त्यावर आणून उभा करतो. तिथे तो सांगतो की त्याचा ग्रह जळून गेला, युद्ध झालं, तो शेवटचा उरला. ती म्हणते, मी आहे ना. मग चिप्सचा वास येतो आणि दोघं खायला जातात, पैसे तिने द्यायचे. चाळीस वर्षांचा इतिहास त्या दोन मिनिटांत बाजूला ठेवला गेला, आणि जुन्या चाहत्याला तो गेल्याचं दुःख झालं तर नव्याला एका एकट्या माणसाचं. आठ भागांच्या पर्वात एवढं थांबायला कुणी देत नाही.

पुढचं पुनरागमन कुणी केलं तर माझी मागणी एकच: किमान दहा भाग, आणि पहिल्या पाचांत एकही जुना शत्रू नको.

कोकणस्थ_डालेक

सहाव्यात आम्ही येतो.